कोयत्यांच्या गावातला योगवर्ग

नगर जिल्ह्यातून परत आल्यापासून रत्नागिरीत जो भेटतो तो विचारतो, "शिर्डीचा प्रसाद कुठाय?" शिर्डीला गेले नव्हते म्हटलं की शनिशिंगणापूर विचारतात. तिथेही नाही म्हटलं की माणसं माझ्याकडे अशी बघतात, की ही बाई झोपेत भलत्याच स्टॉपवर उतरली असावी. त्यांचं फारसं चुकत नाही. मी जे बघून आले त्यासाठी मी निघाले नव्हते, आणि आधी कळलं असतं तर कदाचित निघालेही नसते. अजून सकाळच्या वर्गात "श्वास सोडा" म्हणताना माझाच श्वास मध्ये अडकतो. म्हणून हे लिहून काढते आहे.

मी योग शिकवते. माझ्या वर्गात निवृत्त बँकवाले आहेत, शिक्षिका आहेत, दोन वकीलबाई आहेत आणि एक आंब्याचे बागायतदार आहेत. सगळ्यांची दुखणी साधारण तीच, गुडघे, अ‍ॅसिडिटी आणि सून. आसनं संपली की मी थोडा वेळ यम-नियमांवर बोलते. अहिंसेची सुरुवात स्वतःच्या शरीरापासून करा, मिळालंय त्यात संतोष माना, असं काहीबाही. लोक मान डोलावतात आणि मग सगळे मिळून डोसा खायला जातात. माझं बरं चाललं होतं.

केडगाव

शुभांगी ही माझी योगशिक्षक वर्गातली मैत्रीण. नगर शहराला लागून, पुणे रस्त्यावर केडगावला राहते. पाथर्डीकडच्या एका गावात ती बायकांचे बचत गट चालवते. बरेच दिवस फोनवर तिची एकच भुणभुण होती, "तिथल्या बायकांच्या कमरा फार दुखतात गं. पंधरा दिवस ये आणि शिकव." कमरा दुखतात म्हणजे माझंच गिऱ्हाईक. गणपती विसर्जन झालं आणि मी बॅग भरली.

पहिल्या संध्याकाळी तिच्या घरी हुलग्याचे शेंगोळे होते. कोकणातल्या माणसाला ताटात ओलं खोबरं दिसलं नाही की आपण आजारी असल्यासारखं वाटतं, पण शेंगोळे मी दोनदा घेतले. शेजारी हिरवागार ठेचा होता. मी तो चटणीच्या हिशोबाने भाकरीवर चांगला थापून घेतला आणि पहिल्याच घासाला डोळ्यांपुढे तारे चमकले. शुभांगीचे यजमान गुळाचा खडा पुढे सरकवून मोकळे झाले. पाहुण्यांची त्यांना सवय असावी.

"तिथे तिखट जपून," शुभांगी म्हणाली. तिने मला सांगायला हवं होतं असं दुसरं बरंच काही होतं, ते मात्र सांगितलं नाही. मी नंतर तिला त्यावरून फैलावर घेतलं, तेव्हा म्हणाली, "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला कशाला बोलावतेस, डॉक्टर बोलाव. आणि आली नसतीस." खरं आहे, हेच म्हणाले असते.

पाथर्डीच्या पुढे

गावाचं नाव देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

करंजीचा घाट चढून गेलं की प्रदेशाचा रंग उतरतो. माझ्या डोळ्यांना डोंगर म्हणजे झाडांनी भरलेला हवा. इथले डोंगर न्हाव्याकडून नुकते उठून आल्यासारखे. खाली मात्र बाजरी कणसांनी वाकली होती, तूर हिरवी होती, आणि पाऊस बरा झाल्यामुळे लोक खुशीत होते. शुभांगीने मला ज्या घरी ठेवलं ते कौसाबाईंचं घर. पुढे पत्र्याची पडवी, दारात दोन शेळ्या, आत कौसाबाई, मुलगा दत्ता, सून उषा आणि उषाची दोन लहान पोरं. कौसाबाई कमरेत वाकलेल्या, केस बरेचसे पांढरे, उठताना दर वेळी जमिनीला हात टेकायच्या. मी त्यांना लगेच 'मावशी' म्हणायला लागले.

वर्ग देवळाच्या सभामंडपात, ऊन उतरल्यावर. वीसेक बायका आल्या. मी रत्नागिरीहून सांगून पाठवलं होतं, सैल कपडे घाला आणि चटई आणा. त्या लुगडी-साड्यांत आल्या आणि प्रत्येकीने काखेत खताची रिकामी गोणी धुऊन आणली होती. देवळाच्या पायरीवर चार म्हातारे करमणुकीला बसले होते. पाय वर उचलायची आसनं मी तिथल्या तिथे रद्द केली.

सुरुवातीला मी नेहमीचे प्रश्न विचारते. ते इतके तोंडपाठ आहेत की विचारताना मी मनात भाजी काय करायची याचा विचार करू शकते. म्हटलं, "पोटाचं ऑपरेशन कुणाचं झालंय? त्यांनी हात वर करा. त्यांना मी वेगळं सांगेन."

रत्नागिरीत या प्रश्नाला दोन-तीन हात वर होतात. कुणाचं सिझेरियन, कुणाचं अपेंडिक्स. इथे सगळीकडून हात वर आले. पुढच्या रांगेतून, मागच्या रांगेतून, खांबाआडून. मला वाटलं, प्रश्न कळला नाही.

"कसलं ऑपरेशन?"

"पिशवीचं," कौसाबाई म्हणाल्या. "काडून टाकल्याली हाय."

गर्भाशय काढलंय म्हणत होत्या. माझी नजर हातांवरून चेहऱ्यांकडे गेली. म्हाताऱ्या फार थोड्या होत्या. काही जणी तर माझ्या भाचीच्या वयाच्या, जिचं लग्न अजून आम्ही ठरवतो आहोत. मी काहीतरी बोलायचं म्हणून पुढचं पाठ वाक्य बोलून गेले, "बरं, पाळी चालू असेल त्यांनी त्या दिवसांत विश्रांती घ्यायची."

एकदम हसू फुटलं. अगदी मोकळं, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत.

"हितं कुनाला येती बाई पाळी? त्या एकट्या उषाला येती."

सगळ्या माना उषाकडे वळल्या. खांबाला टेकून बसलेली उषा लाजून पदराचं टोक चावायला लागली. वर्गात हात खाली असलेली तरुण अशी ती एकटीच होती.

त्या दिवशी माझं यम-नियमांवरचं भाषण झालं नाही. अहिंसेची सुरुवात शरीरापासून, हे वाक्य ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

वर्ग सुटल्यावर देवळाच्या मागे शुभांगीने मला समजावून सांगितलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव ऊसतोडीला जातं. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. दोघांतलं एक जण जरी आलं नाही तरी तो कोयत्याचा खाडा, आणि खाड्याला टोळी नेणारा मुकादम दंड लावतो. राहायला पाचटाची कोपी, आणि उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी, ना बाथरूम. दुखलं-खुपलं तरी मोळी वाहायची. मग पोटात दुखतं, अंगावर पांढरं जातं, म्हणून कुणी दवाखान्यात गेलीच, तर पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो. एकदाच कटकट जाईल, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. दवाखाना कुठला, ते शुभांगीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकच आहे असं थोडंच असेल.

"आणि या ऐकतात?" मी विचारलं.

"पहिली भीतीने ऐकते," शुभांगी म्हणाली. "दुसरी पहिलीला बघून."

मला त्या रात्री भाकरी उतरेना. कौसाबाईंना वाटलं, ठेचा लागला. त्यांनी दुधात कुस्करून दिली.

शवासनाची गोष्ट

दोन दिवसांनी जरा हसू आलं ते शवासनामुळे. सगळ्यांना उताणं झोपायला सांगितलं तर कुणी झोपेना.

"असं मेल्यावानी कुठं पडायचं?" कौसाबाई म्हणाल्या. "नाव काय म्हनला ह्याचं?"

मी नाव सांगितलं. अर्थ सांगायची गरज नव्हती. एकीने पटकन देवाकडे बघून हात जोडले. पितृपंधरवडा चालू होता. घरोघर मेलेल्या माणसांची तिथी धरून जेवणं चालली होती आणि मी जिवंत बायकांना प्रेतासारखं पडा म्हणत होते. इतकी वर्षं शिकवून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडेही पक्ष पाळतात, पण शवासन ही इंग्रजी नावासारखी गोष्ट झाली आहे, तिच्यातलं शव कुणाला दिसत नाही.

"आपण ह्याला निजणं म्हणू," मी म्हटलं. त्या तयार झाल्या आणि निजल्या. खरोखरच निजल्या. मी "पायाची बोटं सैल सोडा" म्हणेपर्यंत निम्म्या घोरत होत्या. रत्नागिरीत माणसांना सैल व्हायला मला मिनतवाऱ्या कराव्या लागतात. मी कुणाला उठवलं नाही. मग रस्त्याने एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला आणि वीसच्या वीस जणी एकदम ताडकन उठून बसल्या. एक तर उठून गोणी गुंडाळायलाही लागली. मग कुठे आहोत ते आठवून हसायला लागल्या.

"फडात गाडी आली की आसंच," एक जण म्हणाली. "मोळ्या भरायच्या आसत्यात."

मीही हसले.

त्याच संध्याकाळी उषा शेळ्यांना पाला घालताना माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. बोलायचं होतं, पण सासू आत होती, म्हणून हळू आवाजात.

"ताई, तुमी पैल्या दिशी म्हनला न, योगात समद्या दुखन्यावर उपाय हाय म्हनून."

"म्हटलं होतं."

"मंग पाळी बंद व्हायचं एक आसन शिकवा न. म्हंजे मला ऑपरेशन कराय लागनार न्हाई. मी त्याच्यासाठीच येती वर्गाला."

माझ्याकडे बायका येतात त्या पाळी नीट यावी म्हणून. मी तिला म्हटलं, असं आसन नसतं, असू नये. तिचा चेहरा पडला. मग तिने सांगितलं ते असं, की गेल्या हंगामापासून तिच्या अंगावर पांढरं जातं, पाळीत फार रक्त जातं, मागे फडात ती चक्कर येऊन मोळीसकट पडली. दवाखान्यात काढा म्हणाले. सासऱ्याचं पितर झालं की जायचं ठरलं होतं, म्हणजे ऊसतोडीच्या गाड्या यायच्या आत टाके सुकतील.

सासऱ्याचं पितर त्याच आठवड्याच्या शेवटी होतं.

तिचं मन दुसरीकडे वळवायला मी तिला आमच्याकडचं सांगत बसले. माझी आत्या पाळीचे चार दिवस मागच्या पडवीत वेगळी बसायची, तिला कुणी शिवायचं नाही, जेवण दुरून सरकवायचे, आणि मी कॉलेजात असताना त्यावरून घरात किती भांडले. उषाने सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"चार दिस?" ती म्हणाली. "नुसतं बसायचं? काम न्हाई?"

तिला हेवा वाटत होता. तो तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मी माझ्या त्या भांडणांची फुशारकी आयुष्यभर मिरवत आले आहे.

नगर

शुभांगीच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई नगरला आहेत. उषाला एकदा त्यांना दाखवूया, एवढं बोलायला मला कौसाबाईंपुढे बराच धीर करावा लागला. त्या चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दाखवा की. पन काडायची तर हाईच." आणि मग, "मी बी येते. माजी कंबर दावू."

एस.टी.त उषाला खिडकी मिळाली आणि ती सबंध घाटभर बाहेर बघत राहिली. कौसाबाईंनी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून ठेवला होता, कारण प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून हुंकार निघत होता.

डॉक्टरीणबाईंनी उषाला नीट तपासलं, सोनोग्राफी केली, आणि आम्हा तिघींना समोर बसवून सांगितलं, "हिची पिशवी ठणठणीत आहे. जंतूंमुळे पांढरं जातंय आणि अंगात रक्त कमी आहे. गोळ्यांनी बरं होईल, पण रक्त भरायला हंगामभर तरी लागेल, तोवर पाळीच्या चार दिवसांत ओझं उचलायचं नाही. काढायचं काही कारण नाही."

उषा माझ्याकडे बघून हसली. तिचे दात मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. मलाही इतका आनंद झाला की मी टेबलाखाली तिचा हात दाबला.

मग कौसाबाईंचा नंबर. "वय काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आसंल बेचाळीस-त्रेचाळीस."

मी चोपन्न वर्षांची आहे. इतके दिवस मी माझ्यापेक्षा लहान बाईला मावशी म्हणत होते आणि ती ओ देत होती.

एक्स-रे आला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. हाडं विरळ झाली होती, मणका एका ठिकाणी दबला होता. पिशवी काढताना अंडाशयंही काढली असणार, त्याने हाडं लवकर झिजतात, असं त्या म्हणाल्या. "तुम्ही आता वजन उचलायचं नाही. घागरसुद्धा नाही. तुमची पिशवी कशासाठी काढली होती?"

"पांढरं जायचं म्हनून," कौसाबाई म्हणाल्या. "आन पोटात दुखायचं. हिच्यायवढीच हुते मी." त्यांनी उषाकडे बघितलं. "मंग डाक्टरीणबाई, माजी बी गोळ्यानं बरी झाली आसती का?"

मला वाटलं, आता काहीतरी गुळमुळीत उत्तर मिळावं. माझ्याकडे दोन-तीन तयारही होती. पण डॉक्टरीणबाई सरळ बाई. त्या म्हणाल्या, "बहुतेक झाली असती."

कौसाबाईंनी मान हलवली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून बाहेर जाऊन बसल्या.

स्टँडवर उषाने भेळ खाल्ली. पोरांसाठी खारे शेंगदाणे बांधून घेतले. ती बडबडत होती, आपल्याला इतकं बोलता येतं हे तिलाच नवीन असावं. कौसाबाईंनी चहाही घेतला नाही. गाडी करंजी घाटात आली तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या, तेही खिडकीकडे बघत.

"आमच्यात कुनी कुनाला इचारलंच न्हाई. एकीनं काडली, मंग दुसरीनं काडली. उषेला बी मीच म्हनले, काडून टाक, सुटशील." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "सुटशील म्हनले मी तिला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा इतका हाडकुळा लागला की मी हात जरा हलका धरला.

पितर

घरी दत्ताला सांगितलं तेव्हा तो वाईट वागला नाही. बायकोची पिशवी चांगली आहे म्हटल्यावर त्यालाही बरंच वाटलं. बराच वेळ तो पोराच्या केसांतून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "पन खाडं? मुकादम म्हनतो, कोयता पुरा पायजे. हिचं असं दर म्हैन्याला पडनं आसंल तर तो दुसरा कोयता बगनार. मंग आमी खायाचं काय?"

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, म्हणून मला भांडताही येईना. मी शुभांगीला फोन केला, तिने गटाच्या बायकांशी बोलणं केलं, कुणाला काही सुचलं नाही. पितर करून उषाला दवाखान्यात न्यायचं की नाही, हे घरात कुणी बोलेना. उषा गोळ्या मात्र वेळेवर घेत होती. एकदा मी तिला गोळीचं पाकीट उगाचच हातात धरून बसलेली बघितलं.

पितराचं जेवण भरपूर होतं. गव्हाची खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गवार, अळूची वडी. आमच्याकडे पक्षाला खीर तांदळाची. मी कौतुक करत होते आणि घासही घेत होते, पण माझं लक्ष सगळं उषावर. भावकीतले पुरुष आधी जेवायला बसले, त्यांत मुकादमही होता. तो कौसाबाईंच्या दिराचा मेहुणा. स्वच्छ कपडे, हळू बोलणं, जेवताना दोनदा वाढणाऱ्या उषाला "तूबी जेव गं" म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे त्याची जी प्रतिमा होती तिच्यात हा माणूस काही केल्या बसेना.

कढी वाढता वाढता कौसाबाई त्याच्यापुढे थांबल्या.

"पावनं, एक सांगायचं व्हतं. ह्या साली मी येनार फडावर."

"तुमी? कशापायी?"

"उषेच्या चार दिसांत तिच्या जागी माजा हात. ती कोपीत ऱ्हाईल, पोरं संबाळील. कोयता मोडनार न्हाई. खाडा लावायचा न्हाई."

मुकादमाने वडा ताटात ठेवला. "वैनी, तुमाला मोळी उचलंल का?"

"उचलंल की. ही बाई आली हाय न शिकवाय."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दारात ताट घेऊन उभी होते. पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दत्ताने मान खाली घातली. उषाने हातातलं भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली.

पुरुष उठून गेल्यावर मी कौसाबाईंना गाठलं. मला राग आला होता, त्यांचा, दत्ताचा, त्या गोड बोलणाऱ्या मुकादमाचा, आणि खरं सांगायचं तर माझाही, कारण नगरला मीच नेलं होतं. म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? घागरसुद्धा उचलायची नाही."

"ऐकलं की," त्या म्हणाल्या. खरकटी ताटं एकात एक रचत होत्या. "तिचं बी ऐकलं, माजं बी ऐकलं. दोनीतलं एकच ऐकाय येतंय, बाई. माजं मोडून झाल्यालं हाय."

"मुकादमाने चार दिवस सुटी दिली तर काय बिघडतं?"

"तेला वरनं कोन देनार?"

मी आयुष्यभर अहिंसा शिकवत आले. स्वतःच्या देहालाही दुखवू नका, हे माझं आवडतं वाक्य. आता एका देहाला न दुखवण्यासाठी दुसरा देह पुढे आला होता, आणि यांतलं कुठलं चूक म्हणायचं, हे मला आजही कळत नाही. मी तिथे ओट्यावर बसून रडले. कौसाबाईंनी मला पाणी दिलं आणि ताटं घासायला गेल्या.

निघायचा दिवस

सकाळी माझी बॅग भरून पडवीत ठेवली होती. शुभांगी गाडी घेऊन येणार होती. कौसाबाई पदर खोचून अंगणात उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे बाजरीच्या सरमाडाची एक मोठी पेंढी बांधून ठेवलेली होती.

"बाई, तेवढं मोळीचं दावून जावा," त्या म्हणाल्या.

"मी नाही शिकवणार," मी म्हटलं. "तुमच्या पाठीला ते झेपणार नाही. उद्या काही झालं तर मला जन्मभर लागेल."

"नका शिकवू. मी उचलनार तर हाईच. चुकीचं उचलीन."

त्यात धमकी नव्हती. त्या फक्त पुढे काय होणार ते सांगत होत्या. मग चपला काढल्या आणि अंगणात उतरले.

कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. पाय खांद्याएवढे लांब. पेंढी अंगाला लागून घ्यायची. पोट आत, पाठ सरळ, आणि उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. रत्नागिरीत मी हेच गॅसचा सिलिंडर उचलण्यासाठी शिकवते. आधी रिकाम्या हातांनी बसून-उठून घेतलं. मग अर्धी पेंढी. उषा चुलीपाशी उभी राहून बघत होती. एकदा ती पुढे आली आणि पेंढीला हात घातला. "आत्याबाई, राहू द्या, मी जाते फडात. मला होतंय," असं काहीतरी म्हणाली, तोंडातल्या तोंडात. कौसाबाईंनी तिचा हात बाजूला केला. "तू गोळी घेतली का?" एवढंच विचारलं.

मग त्या पूर्ण पेंढीसमोर बसल्या. मी मागून बघत होते, जशी प्रत्येक विद्यार्थ्याला बघते. गुडघे, टाचा, कमरेची खाच, खांदे, मान. त्या उठल्या. पेंढी डोक्यावर गेली. श्वास बरोबर जागी सुटला. वाकलेली ती कमर मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सरळ बघितली.

माझे डोळे चूक शोधत होते. पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. एखादी टाच उचललेली असती, मान जराशी पुढे गेली असती, तर मला म्हणता आलं असतं, हे जमत नाही, ठेवा खाली. काहीही सापडलं नाही.

"बराबर हाय का, बाई?" कौसाबाईंनी डोक्यावरच्या ओझ्याखालून विचारलं.

मी बरोबर आहे म्हटलं.